आयटीवर केलेल्या खर्चाचा कंपनीला फायदा होतो, असं एक मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेलं विश्लेषण) सांगतं. दुसरं म्हणतं, जवळजवळ नाहीच. विश्वास कोणावर ठेवायचा?

मी शेवटचा आकडा बाजूला ठेवतो आणि आधी बघतो, मूळ अभ्यासांनी ‘फायदा’ म्हणून मोजलं काय. सगळ्यात मोठी गडबड तिथेच होते.

हिट आणि ब्रिन्योल्फसन या संशोधकांनी १९९६ साली ३७० मोठ्या कंपन्यांची १९८८ ते १९९२ ची आकडेवारी तपासली. उत्पादकता वाढलेली दिसली, ग्राहकांचाही फायदा झालेला दिसला, पण जादा नफ्याचा पुरावा मिळाला नाही. यात विसंगती काहीच नाही. तेच संगणक स्पर्धकही घेतात, मग किमती उतरतात आणि लाभ ग्राहकाच्या पदरात पडतो. आता समजा, कुणी उत्पादकतेचे आणि नफ्याचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. मग उत्तर ठरणार ते कोणत्या प्रकारचे अभ्यास किती घेतले यावर. अशी सरासरी मला तरी निरुपयोगी वाटते.

कोहली आणि देवराज यांनी २००३ मध्ये १९९० ते २००० या काळातले कंपनी-पातळीवरचे ६६ अभ्यास घेऊन नेमकं हेच तपासलं: कोणत्या रचनेच्या अभ्यासात लाभ दिसतो? सॅम्पल किती मोठं, माहिती थेट कंपनीकडून की दुय्यम स्रोतातून, उद्योग कोणता, या सगळ्याचा निकालावर परिणाम होत होता. काय मोजायचं, विश्लेषण कोणत्या पद्धतीचं, एकाच वेळची पाहणी की अनेक वर्षांचा पाठपुरावा, यानेही फरक पडत होता.

दुसरी गोष्ट, छापून न आलेले निकाल. स्टिरो यांनी २००५ मध्ये काढलेला सरासरी अंदाज असा होता: आयटी भांडवल १ टक्का वाढलं तर उत्पादन साधारण ०.०५ टक्के वाढतं. २०१७ मध्ये पोलाक यांनी सुमारे ७० अभ्यासांतले ८०० हून जास्त अंदाज गोळा केले आणि प्रकाशनातला पक्षपात, म्हणजे मोठा परिणाम दाखवणारे निकालच जास्त छापून येण्याचा कल, वजा केला. उरलं फक्त ०.००३ टक्के, म्हणजे एक दशांशाहूनही कमी! छोट्या सॅम्पलमध्ये निकाल ‘लक्षणीय’ (निव्वळ योगायोग नाही असा) ठरायला परिणामही मोठा दिसावा लागतो. ज्यांचा तसा दिसत नाही, ते अभ्यास कपाटातच राहतात.

तरी पोलाक यांचा आकडाही मी अंतिम मानत नाही. छोट्या अभ्यासांतले मोठे आकडे म्हणजे पक्षपातच, असं ही दुरुस्ती बऱ्याच अंशी धरून चालते. पण एखाद्याच उद्योगात, जवळून मोजणी केलेल्या छोट्या अभ्यासात परिणाम खरोखरच जास्त असू शकतो.

म्हणून असे दोन उलट निकाल समोर आले, तर त्या दोन्ही पेपरांतला, कोणते अभ्यास घेतले याचा तक्ता उघडा. उत्पादकतेचे किती, नफ्याचे किती, अप्रकाशित संशोधन धरलंय की वगळलंय, एवढं मोजा. तुम्हाला स्वतःच्या कंपनीसाठी निर्णय घ्यायचा असेल, तर तुमच्या उद्योगातले आणि काही वर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास वेगळे काढून वाचा. एकूण सरासरीपेक्षा मी त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवेन, मग ते चारच निघाले तरी.