देगलूरला खाटेवर पडलेल्या लेकीस

जालना,
शनिवार दुपार

प्रिय लेकरा,

मावशीचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. मी जागीच होते. या वयात झोप पाहुण्यासारखी येते, चहा घेते आणि जाते. मिशनरी सेवेच्या प्रशिक्षणात तेलुगू शिकायला तू देगलूरला गेलीस आणि तिथं पाय मुरगळून बसलीस. "मावशी, मला घरी परत पाठवतील का?" हे तू एका मेसेजात तीनदा लिहिलंस, आणि पाय नेमका कुठं दुखतोय हे एकदाही नाही. मी चौतीस वर्षं नर्स होते. त्यामुळं आधी पायाचं बोलू, बाकीचं मागून.

संध्याकाळी वस्तीतल्या पोरींबरोबर खो-खो खेळताना खांबाला वळसा घातलास, पाय आतल्या बाजूला दुमडला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली आणि दुसऱ्या दिवशी बोटांपर्यंत निळं पडलं. बरोबर? हे घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं, पुढचं लिगामेंट आहे, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा बंध. पाय मुरगळला की बहुतेक वेळा तेच ताणलं जातं नाहीतर थोडं फाटतं. निळेपणाला घाबरू नकोस. आतलं रक्त खाली उतरतं, म्हणून दुखतं वर आणि निळं दिसतं बोटांपाशी. एक्स-रे काढून घेतलास हे फार बरं केलंस. घोट्याच्या हाडांवर मागच्या बाजूनं किंवा टोकाला दाबल्यावर कळ आली, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. ही तपासणी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडली, आणि आमच्या कॅज्युअल्टीत मी ती शेकडो पायांवर केली. तुझं हाड शाबूत आहे. आता घाई करून ते मोडू नकोस, एवढंच.

पहिले दोन-तीन दिवस कुणालाही पाय चोळू द्यायचा नाही. मला माहीत आहे, तिथं कुणीतरी आजी तेल कोमट करून बसलेली असेल, आणि गावात एक हात बसवणारा असेल, तो म्हणेल "शीर चढली, उतरवतो". त्याला नमस्कार कर, चहा पाज आणि पाय पांघरुणाखाली घे. आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही, त्यानं आजीचं मनही राहतं. चुना मात्र नको, कातडी भाजते. शेकही आत्ता नको. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत ने. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांध. झोपताना पायाखाली दोन उशा घे, पाय छातीपेक्षा वर हवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दुखणं कमी व्हायला. आम्हाला बर्फ, पट्टी, विश्रांती, पाय वर असं चार शब्दांत शिकवलं होतं. ते सूत्र डॉ. गेब मिर्किन यांनी 1978 साली मांडलं, आणि 2014 मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फानं दुखणं थांबतं पण भरून यायला उशीर लागू शकतो. म्हणून तासन्‌तास बर्फ ठेवून बसू नकोस. अगदी निजूनही राहू नकोस. सोसेल तितका भार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टाकायला लाग, काठी घेऊन.

आणि एक गंमत सांगते. घोट्याचा एक व्यायाम आहे: पाय खाटेबाहेर काढायचा आणि अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. फिजिओथेरपीवाले एबीसीडी काढायला लावतात. तू तेलुगू वर्णमाला काढ. तेलुगू अक्षरं सगळी गोल गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीनं सरळ रेघ ओढली तर पान चिरतं म्हणून ती गोल झाली असं सांगतात. घोट्याला गोल फिरणंच हवं असतं. रोज दोनदा अ पासून शेवटपर्यंत काढलीस तर आठवड्यात पायही सैल होईल आणि 'ळ' कुठून सुरू करायचा ते वहीत बघावं लागणार नाही.

आता परत पाठवण्याचं. तू अजून तुमच्या प्रशिक्षणप्रमुखांना सगळं सांगितलेलं नाहीस, असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय. "थोडं लचकलंय" म्हणालीस ना? मीही तेच म्हणाले होते. बावीस वर्षांची होते. भाषा शिकायला मला सीमेवरच्या एका गावात ठेवलं होतं. लगोरी खेळताना पाय मुरगळला, आणि मला वाटलं की सांगितलं तर म्हणतील ही पोरगी सेवेला नाजूक आहे. अकरा दिवस लपवलं. लांब परकर, आत घट्ट पट्टी, आणि सकाळी दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. बाराव्या दिवशी भेटीगाठींना शेतातून जात होतो. उन्हाळ्यातलं काळं रान तुला माहीत आहे, हात जाईल एवढ्या भेगा. त्यातल्या एका भेगेत तोच पाय गेला. पहिल्या वेळी तीन आठवड्यांत बरी झाले असते, दुसऱ्या वेळी साडेचार महिने गेले. प्रमुख माझ्यावर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तुझ्यासोबत चालणाऱ्या बाईला तू अकरा दिवस खोटं बोललीस." ते मला पायापेक्षा जास्त लागलं. आजही उतार आला की माझा उजवा पाय आधी विचार करतो, मग पडतो.

तेव्हा उद्या उपासनेनंतर जाऊन सगळं सांग. किती दुखतं, कधी दुखतं, डॉक्टर काय म्हणाले. परत पाठवायचं की नाही हे ते ठरवतील. मुरगळलेल्या घोट्यासाठी कुणी सहसा पाठवत नाही, पण मी वचन देणार नाही, ते माझ्या हातात नाही.

त्या साडेचार महिन्यांबद्दल मात्र मला लिहायचंच आहे, कारण मला तेलुगू आली ती त्या खाटेवर. दुखण्यात काहीतरी चांगलं असतंच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. वॉर्डात इतकी माणसं पाहिली की ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आणि तुझ्या मेसेजात तू बायबलातल्या पौलाचा देहातला काटा, म्हणजे त्याचं ते न हटणारं दुखणं, आणलास, तो त्यालाच राहू दे बाई, तुझं लिगामेंट आहे.

झालं असं की त्याआधीच्या दोन महिन्यांत मी जी तेलुगू पाठ केली होती ती सगळी देणाऱ्याची होती. मी सांगायला आले आहे, मी प्रार्थना करते, तुम्ही ऐका, हे पुस्तक घ्या. एकही वाक्य मागण्याचं नव्हतं. खाटेवर पडल्यावर पहिल्या तासाला पाणी हवं झालं, आणि मला पाणी मागता येईना. शुभवर्तमानाचा अख्खा अध्याय म्हणता येत होता! शेजारची अव्वा, म्हणजे आजी, दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं आत डोकावून विचारलं, "एमैंदि बिड्डा?" काय झालं लेकरा. मी पायाकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "कालु बेणिकिंदि." मला वाटलं ही मराठीत 'काल' म्हणतेय, म्हणून मी मान हलवून बोटांवर मोजत सांगायला लागले की काल नाही, बारा दिवस झाले. ती हसून हसून आडवी झाली. कालु म्हणजे पाय. त्या दिवसापासून तो शब्द मी विसरले नाही.

मग ती रोज यायची, सूज दाबून बघायची आणि एकच प्रश्न विचारायची. "तग्गिंदा?" उतरली का? उतरली असेल तर "तग्गिंदि", नसेल तर "तग्गलेदु". भूतकाळाचा नकार आमच्या पुस्तकात फार पुढच्या धड्यात होता. मला तो एका घोट्यानं शिकवला. नडवलेनु, मला चालता येत नाही. कोंचेम नीळ्ळु इव्वंडि, थोडं पाणी द्या. मळ्ळी चेप्पंडि, पुन्हा सांगा. हे शेवटचं मी दिवसात पन्नासदा म्हणत असेन. मी काही मागितलं की तिचा आवाज हळू व्हायचा, शब्द सुटे सुटे यायचे. मी शिकवायला लागले की गावातली माणसं नम्रपणे मान हलवायची आणि मला एक अक्षर नवं मिळायचं नाही.

आपल्याला एक सोय आहे, ती तुझ्या तिथल्या शिक्षकांनी सांगितली असेल. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. तेलुगूतही 'मेमु' वेगळं, 'मनम' वेगळं, अगदी तसंच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे डोक्यात घालायला महिने लागतात, आपल्याला आईच्या दुधातून मिळालंय. तरीही माझ्या वहीत सगळीकडं मेमु होतं. आम्ही आलो, आम्ही सांगतो. अव्वा मला भात भरवताना म्हणाली, चल, मनम जेवू. मी तिचा तो शब्द सुधारणार होते, इतकी मी पुस्तकी होते.

तर तू आज काय कर. वहीत एक कोरं पान काढ आणि मागण्याची वीस वाक्यं लिही. उशी सरकवा. खिडकी उघडा. मला धरा. दिवा राहू द्या. मला एकटीला भीती वाटते. हे शेवटचं लिहायला लाजू नकोस. देगलूरच्या बाजारात मराठी चालते, दखनी चालते, म्हणून तू आत्तापर्यंत निभावलंस. 1956 पर्यंत तो सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, तिथली माणसं दोन-तीन भाषांत सहज फिरतात आणि तुझी अडचण दिसली की मराठीवर येतात. तिथल्या तुझ्या आजीबाईंना मात्र सांगून ठेव, माझ्याशी मराठी बोलू नका म्हणून.

अभ्यास बुडतोय म्हणून रडतेस, त्यावर एकच सांगते. ज्या मोल्सवर्थच्या कोशावर आपण मराठीवाले अजून विसंबतो, ते मोल्सवर्थ इंग्रजी–मराठी कोश करता करता प्रकृती ढासळून मायदेशी गेले. तो कोश थॉमस कँडी यांनी 1847 साली पुरा केला. मोल्सवर्थ पुढं परत आले आणि मराठी–इंग्रजीची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली. ते मिशनरी नव्हते, फौजेतले होते, आणि तुझ्याइतके रडले असतील की नाही मला ठाऊक नाही.

लोक बोलतील. "सेवेला आलेल्या पोरीनं मैदानात कशाला धावायचं?" हे तुझ्या मंडळीतलं कुणीतरी एव्हाना म्हणालंही असेल. ऐकून घे, उत्तर देऊ नकोस, आणि खेळ सोडू नकोस. तू धाराशिवची. सारिका काळे तुझ्याच गावची, भारतीय संघाची कर्णधार होती, 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. तुमच्याकडं पोरींनी खो-खो खेळणं हे काही पाप नव्हे, शाळेच्या वेळापत्रकासारखं आहे. त्या वस्तीतल्या पोरी तुझ्याशी बोलायला लागल्या त्या मैदानावर, हे तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस.

पण परत उतरायची घाई नको. दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं समजू नकोस. घोट्याला आपण कुठं वाकलोय याची एक जाण असते, ती मुरगळल्यावर बोथट होते, म्हणूनच तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. चालता यायला लागलं की भिंतीशी उभी राहून एका पायावर तीस सेकंद तोल धर. ते जमलं की डोळे मिटून. मग टाचा उचलणं, मग दुखऱ्या पायावर लंगडी. दोन्ही पायांवर लंगडी सारखी पडली की सरळ पळ, मग इंग्रजी आठाच्या आकड्यात, आणि सगळ्यात शेवटी खांबाला वळसा. गोळी घेऊन एकदाही नाही. रांगेत बसलेल्या आठजणींतली कुणी खो मिळायच्या आधी उठली तर फाऊल देतात, हे मी तुला सांगायचं का? पंच तुमचे फिजिओथेरपिस्ट. ते सांगतील तेव्हा उठ.

मी येत्या गुरुवारच्या एसटीनं नांदेडपर्यंत येते, तिथून देगलूरची गाडी बघते. दहा सेंटिमीटरची क्रेप बँडेज दोन आणते, तुझ्याकडची आता ढिली पडली असेल. तुझ्या आईनं भूमहून खवा पाठवलाय, त्यातला थोडा माझ्या घरी कमी झालाय, तिला सांगू नकोस. आजीबाईंना विचारून ठेव, खव्याला त्यांच्यात काय म्हणतात. मला माझ्या अव्वाकडून तो शब्द मिळाला नव्हता, आम्हाला दोघींना खवा परवडत नव्हता.

आणि आज रात्री फोन कर. साडेआठनंतर. त्याआधी माझी मालिका असते.

तुझी,
जालन्याची मावशी