नाशिकहून म्युनिक, इन्हेलेशन टॉक्सिकॉलॉजीसाठी: व्हिसा सोडून बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न असा: फार्माकॉलॉजीत एम. फार्म., अंबडला नोकरी, मुलगी दुसरीत. श्वासातून जाणाऱ्या प्रदूषकांवर पीएचडी करायला म्युनिकला यावं का? व्हिसा, एपीएस (जर्मनीसाठीची पदवीची पडताळणी), बँकेतली अडकवलेली रक्कम हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे उगाळत नाही.

आधी कामाचं. या क्षेत्रात उंदरांपेक्षा नळ्यांशी जास्त झटापट असते. तोंडावाटे द्यायचा डोस वजन करून देता येतो. श्वासावाटे द्यायचा डोस आधी हवेत तयार करायचा आणि मग तासन्‌तास स्थिर धरायचा. ओईसीडी या देशांच्या संघटनेची 413 क्रमांकाची श्वासावाटे विषारीपणा तपासायची चाचणी म्हणजे दिवसाला 6 तास, आठवड्याला 5 दिवस, असे 90 दिवस. कणांचा एमएमएडी, म्हणजे हवेतल्या वागणुकीवरून काढलेला मधला व्यास, 2 मायक्रॉनच्या आत ठेवायचा, कारण मोठे कण उंदराच्या नाकातच अडकतात. फक्त नाकाला हवा देणाऱ्या नोज-ओन्ली चेंबरला प्रत्येक पोर्टमागे (प्राण्याचं नाक बसवायच्या भोकामागे) मिनिटाला निदान अर्धा लिटर हवा हवी, नाहीतर प्राणी स्वतःचाच उच्छ्वास परत ओढतो. बिघडतं कुठे? पावडरला दमटपणा लागला की जनरेटरमध्ये गुठळ्या होतात. सकाळी बरोबर असलेलं कॉन्सन्ट्रेशन दुपारी घसरतं आणि कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॅस्केड इम्पॅक्टरच्या वरच्या, मोठ्या कणांच्या टप्प्यांवर माल साचलेला दिसतो. टेफ्लॉन फिल्टरवर स्थिर वीज असली तर मायक्रोबॅलन्सचा (अतिसूक्ष्म वजनकाट्याचा) आकडा थांबतच नाही. ही वीज घालवणाऱ्या आयोनायझरखालून काढल्याशिवाय वजन करू नका. आणि 2018च्या सुधारणेनंतर फुप्फुस धुऊन पेशी तपासणं, म्हणजे लव्हाज, या चाचणीत सक्तीचं झालंय. त्यावर हात बसलेला असेल तर अर्जात ठळक लिहा.

पण हे शिकायला समुद्र ओलांडायची गरज नाही, हे कुणी सांगत नाही. 2011 पासून भारत ओईसीडीच्या चाचणी-डेटाच्या परस्पर मान्यतेत आहे, त्यामुळे आपल्या जीएलपी (प्रमाणित कार्यपद्धतीच्या) प्रयोगशाळेतला डेटा तिथेही चालतो. लखनौचं आयआयटीआर (विषशास्त्र संशोधन संस्था), भोपाळचं निरेह (पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था) आधी चाळून बघा. यायचंच तर एअर-लिक्विड इंटरफेससाठी या. माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी इन्सर्टवर (सच्छिद्र पडद्याच्या छोट्या कपात) वाढवायच्या, वरचं माध्यम काढून 3-4 आठवडे हवेला उघड्या ठेवायच्या, आणि मग त्यांच्यावर एरोसोल सोडायचा. हवा कोरडी गेली तर पेशी वाळून मरतात आणि खापर प्रदूषकावर फुटतं. म्हणून दोन कंट्रोल प्रत्येक वेळी ठेवायचे: एक नुसत्या स्वच्छ, दमट हवेचा आणि एक इनक्युबेटरमधून न हललेला.

आता कागदपत्रं, ज्यावर मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीला युरोपीय कायद्यात 40 कामकाजाचे दिवस आहेत, वर 15 वाढवता येतात. छान वाटतं ना? मेख अशी की अर्ज 'पूर्ण' आहे असं त्यांनी मानल्यावर ते दिवस मोजायला सुरुवात होते. तोवर प्रश्नोत्तरं चालूच. तीन वर्षांच्या करारातले कित्येक महिने असे जातात. होकार कळवण्याआधी प्रोफेसरांना सरळ विचारा: परवानगी हातात आहे का, आणि त्यात माझं नाव घालायला किती वेळ लागेल?

नावावरून आठवलं. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शिवाय आईचं. पासपोर्टवर वेगळाच क्रम, लग्नानंतर तर आणखी गोंधळ. त्यात 2014 मध्ये पुणे विद्यापीठाचंही नाव बदललं. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र नाशिकमध्येच करून, भाषांतर करून घेऊन या. शोधनिबंधांसाठी एकच नाव ठरवा आणि ते ऑर्किडला (ORCID, संशोधकाच्या ओळख क्रमांकाला) जोडा.

मुलीचं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच शाळेची वाट फुटते. जर्मन, गणित आणि परिसर-विज्ञान या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, जातं. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम. जेमतेम वर्षभरात जर्मन शिकलेल्या, गणितात हुशार असलेल्या पोरीचं मोजमाप जर्मन निबंधावर होतं. प्रोबेउंटररिष्ट (चाचणीचे वर्ग) नावाची दुसरी संधी असते, पण नऊ वर्षांच्या मुलीला ती शिक्षाच वाटते. मला हे अजून पटलेलं नाही. तुम्ही यायचं ठरवलंत तर ती दुसरीत असतानाच या, तिसरीच्या अधेमधे नको.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. नोव्हेंबरअखेर साडेचारच्या सुमारास अंधार पडतो तेव्हा जास्त. जेवण करायचं आणि झोपायचं.

नोकरीचं गणित त्याहून कठोर आहे: जर्मनीत ठरावीक मुदतीच्या संशोधन करारांना पीएचडीआधी 6 वर्षं आणि नंतर 6 वर्षं अशी मर्यादा आहे. त्यापुढे कायम जागा, नाहीतर प्रकल्पाच्या पैशांवर जगणं.

म्हणून स्वतःचा प्रश्न घेऊन या. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षबागेत फवारणाऱ्या पोर्तुगीज मजुरांच्या फुप्फुसांचा आजार 1969 मध्ये नोंदला गेला. आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या ब्लोअरमागे उभा राहणारा माणूस नाकाला रुमाल बांधतो, बस. मला यावरच काम करायचं होतं; करते ते डिझेलच्या काजळीवर, कारण इथे पैसे त्यालाच मिळाले. तुम्ही ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या चालू असताना, नमुने घेऊनच निघा. आयओएम सॅम्पलर (श्वासाच्या हवेतले कण फिल्टरवर गोळा करणारं छोटं यंत्र) कॉलरला, नाकापासून 30 सेंटिमीटरच्या आत. पंप मिनिटाला 2 लिटर, फवारणीआधी आणि नंतर प्रवाह तपासलेला. दर दहा फिल्टरमागे एक कोरा, शेतात नेऊन तसाच परत आणलेला.