इम्प्रेशनिस्टांची चित्रं अर्धवट सोडल्यासारखी का दिसतात? यातले मुख्य चित्रकार कोण, आणि व्हॅन गॉग त्यांच्यातलाच का?

पहिला प्रश्न नीट सुटला की बाकीचे दोन आपोआप सुटतात, म्हणून तिथेच जरा जास्त रेंगाळतो.

अर्धवट म्हणणारे तुम्ही पहिले नाही. १८७४च्या एप्रिलमध्ये पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसेक कलावंतांनी स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरवलं. तेव्हा चित्रकाराचं नशीब 'सलों' या सरकारमान्य प्रदर्शनाच्या परीक्षकांच्या हातात असायचं, आणि यांतल्या बऱ्याच जणांना तिथून नकार पचवावे लागले होते. क्लोद मोनेने फ्रान्सच्या ल आव्र बंदरातल्या धुकट सकाळचं एक चित्र लावलं होतं, नाव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लरॉय नावाच्या पत्रकाराने एका विनोदी दैनिकात लिहिलं की, भिंतीला लावायचा कागद कच्चा असतानासुद्धा या समुद्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो! लेखाच्या मथळ्यात त्याने या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं. टवाळीचं नाव पुढे त्यांनीच मिरवलं. मराठीत इम्प्रेशनिझमला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थाला पक्का आहे: डोळ्यांना आलेला प्रत्यय.

आता हे चित्रकार चित्र 'पुरं' का करत नव्हते? कॉलेजात आम्हाला आउटडोअर लँडस्केपला गोदाघाटावर पाठवायचे. सकाळी साडेसहाला बसायचं, पेन्सिलने मंदिर, पायऱ्या, माणसं नीट मांडून घ्यायची, आणि आठच्या सुमारास रंगाला हात घालायचा, तोवर सावली दोन पायऱ्या खाली उतरलेली असायची. सर ओरडायचे, "अरे, आधी सावली लावून घे, मंदिर कुठे पळून जात नाही!" अख्खा इम्प्रेशनिझम मला त्या वाक्यात सापडतो. मंदिर हा विषयच नाही. मंदिरावर या घटकेला पडलेलं ऊन हा विषय आहे, आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. मग ब्रश घाईचा होतो, फटकारे सुटे राहतात, रंग पॅलेटवर घोटत बसायला वेळ नसतो. सलोंला हवा असलेला गुळगुळीत, ब्रशची खूणही न दिसणारा पृष्ठभाग अशा कामात येणारच कसा?

दुसरी गोष्ट सावलीच्या रंगाची. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या पिढ्यांनी सावली म्हणजे मूळ रंगात थोडा काळा, असंच गिरवलं आहे. या लोकांनी बघितलं की बर्फावरची सावली निळी असते, गवतावरची जांभळट. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९मध्येच मांडलं होतं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचं रूप बदलतात; नारिंगीशेजारी निळा जास्त निळा दिसतो. शिवाय १८४१ साली रंगाची कथलाची ट्यूब निघाली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. ट्यूब आली, आगगाडी होतीच, मग स्टुडिओ सोडून नदीकाठी जाऊन बसणं सोपं झालं.

पळतं ऊन पकडायच्या या हट्टाचं टोक मोनेने गाठलं. १८९०च्या सुमारास तो गव्हाच्या गंजी रंगवत होता. ऊन बदललं की ब्लांश त्याला दुसरा कॅनव्हास आणून द्यायची, पुन्हा बदललं की तिसरा. (ब्लांश ही पुढे त्याची सावत्र मुलगी झाली आणि नंतर सूनही. नात्याचा गुंता सोडवत बसू नका.) मग रूआँ शहरातल्या कॅथीड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, तीसहून अधिक चित्रं. इमारत तीच, पण एकात ती राखाडी, एकात सोनेरी, एकात निळसर. म्हातारपणी मोतीबिंदूने त्याचे रंग पिवळे-तांबडे होत गेले. १९२३ला एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी कमळतळ्याची प्रचंड चित्रं तो रंगवतच राहिला. १९२६ला तो गेला आणि पुढच्या वर्षी ती पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लागली.

बाकीचे थोडक्यात. पिसारो हा सगळ्यांचा थोरला, १८७४ ते १८८६ मधल्या आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकटाच. रेन्वारला माणसं आवडायची, झाडांतून झिरपणारं ऊन तो नाचणाऱ्यांच्या कपड्यांवर पाडतो. सिस्ले शेवटपर्यंत निसर्गचित्रांना चिकटून राहिला आणि गरिबीतच गेला. कायबोत पैसेवाला, मित्रांची चित्रं विकत घेऊन त्याने त्यांना जगवलं आणि मरताना संग्रह सरकारला दिला, तर सरकारने त्यातलीही काही नाकारली! माने हा यांचा आदर्श, पण त्याने त्यांच्याबरोबर कधीच प्रदर्शन केलं नाही. नावं सारखी असल्याने मोने-मानेत घोळ होतो, तो त्यांच्या हयातीतही व्हायचा.

देगा मात्र उघड्यावर ऊन रंगवणाऱ्यांच्या या व्याख्येत बसत नाही. उघड्यावर रंगवणं त्याला पटत नसे, नर्तकी तो स्टुडिओत, आठवणीतून करायचा. त्याला इम्प्रेशनिस्ट म्हटलेलंही खपत नसे. तरी प्रदर्शनांचा तो मोठा खांब होता. म्हणून मी याला शैलीपेक्षा कंपू म्हणेन.

बेर्त मोरिसोचं नाव यादीत हटकून शेवटी येतं, ते मला खटकतं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत बायकांना १८९७पर्यंत प्रवेश नव्हता, चारचौघांत कॅफेत एकटं बसण्याची सोय नव्हती. म्हणून तिच्या चित्रांत घर, बाग, गॅलरी, लेकरं. 'पाळणा' हे तिचं १८७२चं चित्र बघा: बहीण झोपलेल्या तान्हुलीकडे बघते आहे आणि मध्ये जाळीचा पडदा. त्या पडद्यातला पांढरा किती रंगांचा आहे ते मोजून बघा, मला अजून जमलेलं नाही. अमेरिकेहून आलेली मेरी कसाटही याच गटातली.

व्हॅन गॉग यांच्यातला नाही. तो पॅरिसला आला १८८६मध्ये, म्हणजे यांचं शेवटचं प्रदर्शन झालं त्याच वर्षी. त्याआधीची त्याची चित्रं आठवा, मातकट, बटाट्याच्या सालीसारखी. यांची चित्रं पाहून त्याचे रंग उजळले, पण त्याचा पिवळा हा उन्हाचा राहिला नाही, त्याच्या स्वतःच्या मनाचा झाला. म्हणून त्याला उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी, म्हणजे यांच्यानंतरचा, म्हणतात.

आणि ही चित्रं फोनवर बोटांनी मोठी करून बघू नका, नुसते डाग दिसतील. लॅपटॉपवर लावा, चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा.