चार रकाने आणि एक मोट

प्रिय पोरी,

औद्योगिक क्रांतीच्या परिणामांवरचा तुझा निबंध वाचला. सामाजिक, राजकीय, सांस्कृतिक, आर्थिक असे चार रकाने पाडून सगळं नीट भरलंयस. मार्क पडतील. पण त्यात माणूस कुठं दिसला नाही मला.

मँचेस्टरचं लिहिलंस ते बरोबर आहे. गिरण्यांनी शहर फुगलं, तरी त्याला ब्रिटिश संसदेत स्वतःचे खासदार मिळाले ते जागा नव्यानं वाटणारा १८३२ चा सुधारणा कायदा झाल्यावर. पण तू कोल्हापुरात बसून लिहितेयस, तर एक मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची कातडी पिशवी, धर आणि तिच्या मागं चालत जा.

मोटेला कातडं कमावणारा लागायचा, ती शिवणारा लागायचा, तिचा नाडा म्हणजे दोर वळणारा लागायचा, चाक करणारा सुतार लागायचा. बहुतेकांचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात, तेच बलुतं. मग शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनं बनू लागली. माझे वडील तिथंच लेथवर होते, त्यांच्या शर्टाला कायम कटिंग ऑईलचा वास. इंजिन विहिरीवर बसलं आणि पाणी बैलांच्या दमावर अवलंबून राहिलं नाही. ऊस वाढला. गुळाला पेठ होतीच, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी. पुढं सहकारी साखर कारखाने आले आणि शेअर असलेला शेतकरी कारखान्याच्या निवडणुकीत मतदार झाला. आपल्याकडं आमदारकीची वाट कारखान्याच्या गेटातून का जाते, ते इथं कळेल तुला. तोडणीला मात्र टोळ्या बीडकडून येतात; त्यांचं मत त्या कारखान्यात नसतं.

आणि नाडा वळणारा? बलुत्याची लाचारी सुटली, पण कामही सुटलं. याला सुटका म्हणावं की बेकारी, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या निबंधात तू अर्ध्या ओळीत ठरवून टाकलंयस.

सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांना तू 'सांस्कृतिक' रकान्यात टाकलंस. बाहेरून न मागवता या गावात कॅमेराच बनवला गेला, मग १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट आला. मी त्यांना लेथच्या शेजारी बसवलं असतं.

वेळेबद्दलही लिही. शाहू मिलच्या भोंग्यावर माझी आजी चूल पेटवायची, घड्याळ तिला कळत नव्हतं. रविवारची सुट्टीही गिरणीतूनच आली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत झगडले, तेव्हा १८९० मध्ये ती कामगारांना मिळाली. (आपल्या जोतिबा देवाचा वारही रविवारच, तेवढी आपली सोय झाली.)

या शनिवारी करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात जा. मोट हाकलेला एखादा म्हातारा अजून भेटेल. मोबाईल खिशात ठेव, वही काढ. आधी इंजिनाचं विचारू नकोस, नाडा कोण वळायचं ते विचार. चहा देतील, नको म्हणू नकोस.

तुझे,
सर