छिन्नी जरा बाजूला ठेव

पहिला जीवाश्म मासा दगडातून सोडवायची तुला घाई झालीय, कळतं मला. पण आधी चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ मीमान चांग यांनी काय केलं ते ऐक. जन्म 1936चा, नानजिंगचा, शिक्षण मॉस्कोत. पुढे स्टॉकहोमला त्यांनी चीनच्या युन्नान प्रांतातला ‘यंगोलेपिस’ हा सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा मासा अभ्यासाला घेतला. कवटी जेमतेम तीन सेंटिमीटरची. ती किंचित घासायची, उघडा पडलेला छेद बारकाईने चितारायचा, पुन्हा घासायची. असे पाचशेहून जास्त छेद! त्यांवरून मेणाचे पातळ थर कापून, एकावर एक रचून मोठी प्रतिकृती उभी केली. दोन वर्षं लागली.

घासलेली कवटी परत मिळत नाही. चित्र चुकलं की पुरावाच गेला. म्हणून खरवडण्याआधी रेखाटन कर. मी सुरुवातीला आळस केला आणि एका माशाची गालाची हाडं कायमची गमावली, अजून हळहळते.

आणि दिसलं तेच लिही. स्टॉकहोमच्या नामांकित अभ्यासकांना अशा माशांत आतल्या, म्हणजे तोंडात उघडणाऱ्या, नाकपुड्या असणारच असं वाटत होतं. चांगना त्या सापडल्या नाहीत, आणि त्यांनी प्रबंधात तसंच मांडलं.

आता तुझ्या दगडाचं चित्र काढून दाखव, मग छिन्नीचं बघू.