रिपोर्ट म्हणतो पोयटा, बोटं म्हणतात चिकण

प्रश्न : मी मृद्‌शास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी एक मीटर खोल खड्डा घेतला आणि तीन थरांचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून आणले (०–१८, १८–६०, ६०–१०० सेंमी). चिकण वरून खाली २६, २८, २९ टक्के आली. ३० च्या आत असल्यामुळे ही माती व्हर्टिसोल (ओलीत फुगणारी, वाळली की भेगाळणारी भारी माती) ठरत नाही, असं आमचे सर म्हणतात. पण खालच्या थरातल्या ढेकळांच्या बाजू घासून चकचकीत झालेल्या आहेत. कोरड्या दिवसांत भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. ओली माती अंगठ्याने तर्जनीवरून पुढे सरकवली तर सात सेंटिमीटरची पट्टी न तुटता निघते. पाण्याचा ताळेबंद १०० मिमी साठा धरून मांडला, तर वर्षातले सात महिने माती कोरडी येते, म्हणून ओलाव्याचा सर्वांत कोरडा वर्ग ‘अ‍ॅरिडिक’ लिहिलं. बेस सॅच्युरेशन (कणांवरच्या जागांपैकी कॅल्शियम, सोडियम वगैरेंनी भरलेल्या जागा) १४१ टक्के आलं, ते घाबरून १०० केलं. माझं नेमकं कुठे चुकलं? सगळे आकडे सोबत पाठवते आहे.

उत्तर : आधी ते १०० खोडा आणि परत १४१ लिहा.

तुमच्या खालच्या थराची सीईसी, म्हणजे कॅल्शियम-सोडियमसारखी मूलद्रव्यं कणांवर धरून ठेवायची क्षमता, किलोमागे ४० सेंटिमोल आहे. विनिमयक्षम कॅल्शियम ४६, मॅग्नेशियम ९, सोडियम ०.८, पोटॅशियम ०.७, बेरीज ५६.५. चाळीसच खुर्च्या आणि साडेछप्पन पाहुणे! या थरात ११ टक्के चुना आहे हे तुमच्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात दिलंय. अमोनियम अ‍ॅसिटेट कणांवर चिकटलेलं कॅल्शियम सोडवताना थोडा चुनाही विरघळवतं आणि तेही कॅल्शियमच्या खात्यात जमा होतं. चुनखडीयुक्त मातीत हे नेहमीचंच. आकडा आहे तसा ठेवायचा, खाली एक ओळीची टीप द्यायची. सोडियम चुन्यातून येत नाही, त्यामुळे ४० पैकी ०.८ म्हणजे २ टक्के, हा हिशेब खरा. माती चोपण म्हणायला १५ लागतात; तो विषय इथेच संपला.

आता चिकण. तुमच्या बोटांवर मी प्रयोगशाळेपेक्षा जास्त विश्वास ठेवणार आहे, पण बोटं पुरावा म्हणून चालत नाहीत. पुरावा त्याच तक्त्यात आहे, दोन ठिकाणी.

पहिला पुरावा १५०० किलोपास्कलवरच्या पाण्याचा, म्हणजे झाडाला ओढून घेता येत नाही त्या पाण्याचा. वरच्या थरात ते १९.५ टक्के आहे. हे पाणी मुख्यतः चिकणीच्या पृष्ठभागाला धरून असतं, त्यामुळे चिकणीशी त्याचं प्रमाण साधारण ०.४ च्या आसपास राहतं. तुमचं येतं १९.५ भागिले २६, म्हणजे ०.७५. एकाच थरात असं असतं तर चुकभूल समजून घेतली असती, पण मधल्या थरात ०.७३ आणि खालच्यात ०.७२ आहे. तिन्ही थर एकच तक्रार करताहेत.

दुसरा पुरावा सीईसीचा. वरच्या थराची सीईसी ३८. ती २६ टक्के चिकणीवर वाटली तर किलोमागे १४६ सेंटिमोल होते. अगदी निव्वळ स्मेक्टाइटसुद्धा (फुगणाऱ्या मातीतलं चिकण-खनिज) साधारण ८० ते १२० च्या घरात असतं. म्हणजे एक तर तुम्हाला शुद्ध स्मेक्टाइटपेक्षाही श्रीमंत चिकण सापडली आहे, किंवा चिकण कमी मोजली गेली आहे.

कमी मोजली जाते ती अशी. चिकण मोजायच्या पिपेट पद्धतीचा सगळा डोलारा स्टोक्सच्या १८५१ च्या नियमावर उभा आहे. दोन मायक्रॉनचा कण २० अंश तापमानाच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे आठ तास घेतो. आठ तासांनी त्या खोलीवर जे तरंगतंय ते चिकण. पण चिकणीचे कण चुन्याने एकमेकांना बांधलेले राहिले, नीट सुटले नाहीत, तर त्यांची गाठ गाळाच्या कणाएवढी जड होते आणि केव्हाच तळाशी बसते. यंत्राने इमानदारीने मोजलं. फक्त मोजायला समोर चिकण नव्हती, तिच्या गाठी होत्या.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चाळीस-एक नमुने होते. कण सुटे करायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण लागतं; मी मागच्या हंगामाची भरलेली बाटली वापरली, कारण बाटली होती आणि लेबल स्वच्छ होतं. हे द्रावण जुनं झालं की त्यातलं फॉस्फेट हळूहळू तुटतं आणि कण सुटे करण्याची ताकद जाते. माझे सगळे नमुने पोयटा, गाळाचा पोयटा, पोयटा. आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता एका नमुन्याची चिमूट घेतली, थुंकी लावून मळली आणि बोटाएवढी पट्टी काढून माझ्या टेबलावर, रिपोर्टच्या कागदावर ठेवली. ती वाळेपर्यंत मी ती हलवली नाही. मग चाळीसही परत केले.

तर तुम्ही काय करायचं? जमलं तर ताज्या द्रावणात, रात्रभर हलवून, चिकण पुन्हा मोजून घ्या. तोवर वर्गीकरणाच्या नियमातच एक वाट ठेवलेली आहे : पाणी आणि चिकणीचं ते प्रमाण ०.६ किंवा त्याहून जास्त निघालं, तर १५०० किलोपास्कलच्या पाण्यातून सेंद्रिय कर्ब वजा करा आणि अडीचने गुणा. वरच्या थरात (१९.५ वजा ०.७) गुणिले २.५, म्हणजे ४७. खाली (२१ वजा ०.४) गुणिले २.५, म्हणजे ५१.५. आता ३८ सीईसी ४७ टक्के चिकणीवर वाटली की किलोमागे ८१ सेंटिमोल येतात, स्मेक्टाइटी मातीला शोभेल असा आकडा. एक दुरुस्ती केली आणि दोन्ही तक्रारी मिटल्या, यावरून ती दुरुस्ती योग्य जागी लागली असं मी समजते. खालच्या थरात ओलसर घनता १.३५ आणि वाळल्यावर १.७५, म्हणजे रेषीय प्रसरण (ओल्या आणि कोरड्या लांबीतला फरक, कोरड्या लांबीच्या तुलनेत) ०.०९. भेगेत हात का जातो, ते इथे आहे.

सरांना दाखवताना एवढं सांभाळा : ३० टक्क्यांचा नियम त्यांनी बरोबरच लावला आहे, कच्चा होता तो आकडा. चिकण ३० च्या वर, एक मीटरच्या आत सुरू होणारा आणि २५ सेंटिमीटर किंवा जास्त जाड असा घासलेल्या पृष्ठांचा थर (तुमचा ४० सेंमी आहे), आणि उघडमीट करणाऱ्या भेगा. व्हर्टिसोलला याहून जास्त काही लागत नाही. आणि चुन्याचे खडे दिसले म्हणून नावात ‘कॅल्सी’ (चुन्याचा साचलेला थर असलेली) घालायची घाई नको. तुमच्यासारख्या मातीत त्या थराला १५ टक्के चुना लागतो, ११ पुरत नाहीत.

आता ताळेबंद. तुमचा १०० मिमीचा साठा कुठून आला ते मला माहीत आहे. हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेटने १९४८ च्या मांडणीत सगळीकडे तेवढा धरला होता. पुढे १९५५ मध्ये मॅथरबरोबर त्यानेच ते बदललं, मातीप्रमाणे आणि मुळांप्रमाणे साठा वेगळा धरला. इतके पैसे आणि घाम खर्चून तुम्ही जो तक्ता मिळवलात, तो बाजूला ठेवून दुसऱ्याची बादली का वापरायची? तुमची बादली तुमच्याच आकड्यांत आहे. वाफशाचं पाणी वजा न मिळणारं पाणी, गुणिले घनता, गुणिले जाडी. वरचा थर : ३० वजा १९.५, गुणिले १.२५, १८० मिमी जाडी, म्हणजे २३.६ मिमी पाणी. मधला तसाच ६३.८, खालचा ७०.२. एकूण १५८ मिमी.

तुमच्या वर्षाचा पाऊस ८६० मिमी आणि संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाणी भरपूर असतं तर जमीन आणि पिकातून उडालं असतं तेवढं) १५५० मिमी. पावसाळ्याचा पहिला महिना तोट्याचा, मग तीन महिने शिलकीचे (११०, ८०, ४५) आणि त्यानंतर पुन्हा तोटाच तोटा. १०० च्या बादलीतून १३५ मिमी सांडतं. १५८ च्या बादलीतून ७७. वाचलेली ही ५८ मिमी ओल पाऊस सरल्यावर पिकाला आणखी सुमारे तीन आठवडे पुरते. खोल निचरा कमी असेल तर चुना मातीत राहायचाच, आणि तुमचे खडे तेच सांगताहेत. प्रयोगशाळा आणि हवामान इथे एकाच गोष्टीवर आले.

पण ‘अ‍ॅरिडिक’ दोन्ही बादल्यांत येत नाही! तुम्ही पहिली अट वाचून पान उलटलंत. तापमानाच्या मर्यादा बाजूला ठेवल्या (उष्ण जागी त्या वर्षभर पुऱ्या होतात) तर माती सर्व भागांत अर्ध्या वर्षाहून जास्त कोरडी हवी, आणि सलग ओली ९० दिवसांपेक्षा कमी हवी. दोन्ही. तुमचे नुसते शिलकीचे तीन महिनेच नव्वद भरतात, त्यात त्यांच्यानंतरच्या महिन्याचे बरेचसे दिवस. म्हणून हा ‘उस्टिक’ : ९० किंवा जास्त दिवस कोरडा, पण ९० सलग दिवस ओला. शिवाय हे मोजायचं ते अख्ख्या मीटरमध्ये नाही. तुमच्यासारख्या भारी मातीत साधारण १० ते ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. ताळेबंदाची बादली मीटरभराची आणि नियमाची पट्टी वीतभराची, ही गल्लत प्रबंधांतही दिसते.

आणि एक गोष्ट तुमचा ताळेबंद कधीच सांगणार नाही. बादली वरून भरते असं तो धरून चालतो. तुमच्या मातीत पहिला जोराचा पाऊस भेगांतून थेट ६० सेंटिमीटरवर जातो आणि वर धूळ तशीच राहते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत शिरायला तयार होत नाही. तेव्हाचं ७७ मिमी ‘शिलकी’ पाणी बहुधा खाली न जाता वरून वाहून जातं. म्हणूनच व्हर्टिसोलचा उपगण ताळेबंदावर ठरत नाही, भेगांवर ठरतो : ५ मिमी किंवा जास्त रुंद, वरच्या ५० सेंटिमीटरमध्ये २५ सेंटिमीटर जाडीतून गेलेल्या, आणि वर्षात ९० किंवा जास्त दिवस उघड्या असतील तर ‘उस्टर्ट’. सिंचन नसलेल्या जागी मोजायच्या. एक पट्टी, एक बारीक तार आणि वही घेऊन दर आठवड्याला त्याच चार भेगांपाशी जा. मनगटापर्यंत हात जातो हे छान आहे, पण तारीख लिहिली होती का?

प्रश्न : माझ्या नमुन्यात खडे वजनाने ५२ टक्के आहेत. प्रयोगशाळेने उपलब्ध पाणी मीटरमागे १२० मिमी दिलंय. माझा सहकारी त्याच्या निम्मं, म्हणजे ५८ धरतो. बरोबर आहे का?

उत्तर : वजावट हवीच, कारण प्रयोगशाळेचे १२० हे दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेल्या बारीक मातीचे आहेत. पण खडे वजनाने नाही, जागेने वजा करायचे. खड्याची घनता २.६५, तुमच्या बारीक मातीची १.३. वजनाने ५२ टक्के असलेले खडे जागा अडवतात ती ३५ टक्के. म्हणून १२० चे ७८. सहकाऱ्याने वीस मिमी पाणी उगाच फेकून दिलं. भुसभुशीत, झिजलेले खडे असतील तर तेही थोडं पाणी धरतात. एखादा फोडून बघा, आतून ओला आहे का.

प्रश्न : एकाच मातीचा सामू पाण्यात ८.२ आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये ७.५ आला. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही. क्लोराइडमधला आकडा बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण एककाने खालीच येतो. कोणत्या द्रावणात मोजला ते आकड्याशेजारी लिहिलं नाही तर मात्र दोन्ही निरुपयोगी. ८.२ हा मोकळ्या हवेत चुना असलेल्या मातीचा नेहमीचा सामू आहे, तेव्हा नमुन्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून फसफसतंय का बघा. पाण्यातला सामू ८.५ च्या पुढे गेला असता तर मी आधी सोडियमचा रकाना उघडायला सांगितलं असतं.