कार्ड पाहिलं, एवढ्यावर भागत नाही

प्रश्न : लेस्टरमधला आमचा फ्लॅट एका जोडप्याला भाड्याने द्यायचा आहे. नवऱ्याने निवास परवान्याचं प्लास्टिक कार्ड दाखवलं. बायको ब्रिटिश, पण तिच्या पासपोर्टची मुदत संपलेली. दोघांचं चालेल का?

उत्तर : तिचं चालेल, त्याचं नाही. 'राइट टू रेंट'साठी, म्हणजे भाडेकरूला इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेण्याचा हक्क आहे का या तपासणीसाठी, ब्रिटिश पासपोर्ट मुदत संपलेला असला तरी ग्राह्य असतो. मूळ पासपोर्ट हातात घ्या, फोटो पडताळा, कॉपीवर तपासल्याची तारीख लिहा.

कार्ड मात्र 6 एप्रिल 2022 पासून पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्याकडून शेअर कोड मागा, म्हणजे आपला हक्क ऑनलाइन दाखवण्यासाठी तो सरकारी संकेतस्थळावरून काढतो तो कोड. नऊ अक्षरी, आरने सुरू होणारा. डब्ल्यूने सुरू होत असेल तर तो नोकरीसाठी काढलेला आहे. नवा काढायला सांगा. सरकारी संकेतस्थळावर घरमालकांच्या पानावर कोड आणि जन्मतारीख तुम्ही स्वतः टाका. बहुतेक जण इथेच फसतात : भाडेकरू आपल्या फोनवर पान दाखवतो, मालक मान डोलावतो. ती तपासणी कायद्याने धरलीच जात नाही. समोर आलेल्या फोटोशी चेहरा ताडून पाहा, ते पान सेव्ह करा आणि भाडेकरू गेल्यावरही वर्षभर ठेवा.

त्याचा व्हिसा मुदतीचा असेल तर ही तपासणी करार सुरू होण्याआधीच्या 28 दिवसांतच करा. पुढची तपासणी व्हिसा संपताना किंवा 12 महिन्यांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा. त्या वेळी हक्क उरला नसेल तर गृहखात्याला कळवा. कळवलंत तर दंडापासून संरक्षण टिकतं. दंड लहान नाही : पहिल्याच वेळी माणशी 10,000 पौंडांपर्यंत.

पण दंडाच्या भीतीने 'फक्त ब्रिटिश पासपोर्टवाले' अशी जाहिरात देऊ नका. तो भेदभाव ठरतो, आणि आपल्याच माणसांना त्याची झळ बसते. आडनाव, उच्चार काहीही असो, घरात राहणाऱ्या 18 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची तपासणी करा, करारात नाव नसलं तरीही.

प्रश्न : मी स्वतः भाडेकरू आहे. एक खोली पोटभाड्याने दिली तर तपासणी कोणाची?

उत्तर : तुमची. मालकाने ही जबाबदारी लेखी स्वीकारली असेल तरच त्याची. वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर प्रश्नच नाही. हा नियम फक्त इंग्लंडमध्ये लागू आहे.